सारंगखेड्याहून आणलेली केसाळ घोडी, गोव्याची हवा आणि क्लिपर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही डिचोलीच्या, डिसेंबरात तापीकाठच्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून, तिथल्या घोडेबाजारातून घोडी आणली, विकणाऱ्याने वय सात वर्षं सांगितलं, अंगावर बोटभर केस, दुपारी नुसती उभी राहिली तरी काखेत आणि मानेखाली घामाने चिंब, घरातला दाढीचा ट्रिमर लावून बघितला तर तो मानेवरच गरम होऊन बंद पडला, आणि आता ऑनलाइन पाच हजाराच्या आत मेंढीचे केस कापायचं मशीन दिसतंय ते घेऊ का असं विचारताय. ते मेंढीचं मशीन घेऊ नका हे आधीच सांगतो, का ते खाली येईलच. मी म्हापशाच्या बाजूला घोडे सांभाळतोय त्याला बावीस वर्षं झाली, सुरुवात मोतद्दार म्हणूनच केली, आणि या बावीस वर्षांत बिघडलेलं क्लिपिंग, म्हणजे मशीनने अंगावरचे केस कापणं, जेवढं बघितलं त्यातलं बहुतेक मशीनमुळे बिघडलेलं नव्हतं, ओलीमुळे बिघडलेलं होतं. केसातली ओल, हवेतली ओल, ब्लेडवरची ओल. गोव्यात हीच गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यायला लागते.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न, केस एवढे दाट का आहेत? घोड्याच्या अंगावरचे केस थंडीने वाढतात असं आपण समजतो, थंडीचा हात असतो पण मुख्य घड्याळ उजेडाचं असतं. जूननंतर दिवस लहान व्हायला लागले की शरीर हिवाळी केसांची तयारी सुरू करतं, डिसेंबरच्या शेवटी दिवस परत वाढायला लागले की ते केस सुटायला लागतात. आता सारंगखेड्याला जनावर कुठून कुठून येतं बघा, राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश. पंजाबात सगळ्यात लहान दिवस जेमतेम १० तासांचा असतो आणि रात्री कडाक्याची थंडी. आपल्याकडे गोव्यात सगळ्यात लहान दिवस सव्वाअकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा १३ तासांचा, फरक पावणेदोन तासांचाच, म्हणून इथेच वाढलेल्या घोड्याला हिवाळी केस नावालाच येतात. तुमच्या घोडीने तिकडच्या हिशोबाने स्वेटर विणला आणि दत्तजयंतीला तापीच्या काठावरून थेट ३२ डिग्रीत आणि दमट हवेत येऊन उभी राहिली. घोडा स्वतःला थंड करतो तो मुख्यतः घामाने, जोराच्या कामात तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो, पण घाम वाळला तरच अंग थंड होतं, आणि बोटभर केसांच्या खाली अडकलेला घाम आपल्या हवेत वाळतच नाही. तेव्हा केस काढायचा तुमचा विचार शंभर टक्के बरोबर आहे, तो शोभेचा विषय नाही.

तरीपण मशीन हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, वय. यात्रेत सांगितलेलं वय तेवढ्यावर सोडू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडून दात बघून घ्या. कारण पंधराच्या पुढच्या घोड्यात लांब, कुरळे, न गळणारे केस हे कुशिंग नावाच्या आजाराचं मोठं लक्षण असतं, त्याच्यासोबत पाणी जास्त पिणं, लघवी जास्त, पाठीवरचं मांस उतरणं, पोट सुटणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुराला सूज येऊन चालता न येणं. फोंड्याला एका कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, एक म्हातारं पहाडी तट्टू होतं, मे महिन्यात त्याच्या अंगावर मेंढीसारखे केस, घरचे लोक दरवर्षी कात्रीने कापायचे आणि म्हणायचे याची जातच तशी. मी हात फिरवला तर मणक्याची हाडं हाताला लागत होती आणि पोट मात्र लोंबत होतं. रक्तातल्या एसीटीएच नावाच्या संप्रेरकाची टेस्ट केली, कुशिंग निघाला, त्यावरची परगोलाइडची गोळी सुरू झाली आणि नंतरची दोन वर्षं ते तट्टू चांगलं जगलं. क्लिपिंग त्याचंही करायला लागायचंच, वर्षातून तीनदा, चवथीनंतर एकदा, शिगम्याच्या आधी एकदा आणि पावसाच्या तोंडावर एकदा. पण नुसते केस कापत राहिलो असतो तर आजार आतल्या आत वाढत गेला असता.

दुसरी गोष्ट, केस दाट आहेत की नुसते रखरखीत उभे आहेत? पोटात जंत असलेल्या, खायला कमी मिळालेल्या जनावराचे केसही लांब आणि निस्तेज दिसतात. यात्रेतून आणलेल्या जनावराची शेणाची तपासणी करायचीच, क्लिपिंग करा किंवा नका करू. तिसरी गोष्ट, कातडी. केस बाजूला सारून बोटांनी अंग चाचपा. गोल गोल केस गेलेले चट्टे असतील तर गजकर्ण असू शकतं, ते माणसालाही लागतं आणि मशीनच्या ब्लेडवरून दुसऱ्या घोड्यालाही जातं. पाठीवर, पुठ्ठ्यावर खपल्या असतील आणि खपली ओढली की केसांचा पुंजका तिच्यासकट उपटून येत असेल तर ती पावसाळी खरूज, डर्माटोफिलस नावाच्या जंतूची, आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही घरोघरी. यातलं काहीही दिसलं तर आधी डॉक्टर आणि मग क्लिपर.

हे सगळं ठीक निघालं तर मग मशीनकडे येऊया.

मेंढीचं मशीन का नको. त्याच्या पुढची फणी बघा, मोजून तेरा दात असतात आणि दातांमध्ये रुंद फटी. लोकर दाट आणि तेलकट असते, ती फणी त्यात शिरून पुढे जावी म्हणून तशी बनवलेली असते. घोड्याची कातडी पातळ, काखेत आणि कुशीत तर तिची घडी पडते, ती घडी त्या फटीत शिरली की कात्रीच चालली समजा. घोड्या-गुरांच्या मशीनला खालच्या फणीला बहुतेक ३१ दात असतात आणि वरच्या कापणाऱ्या पात्याला १५, म्हणजे फटी बारीक, कातडी आत जात नाही. बाहेरून दोन्ही मशीनं सारखी दिसतात, एकच कंपनी एकाच बॉडीवर दोन्ही डोकी बसवून विकते, म्हणून फोटोवर जाऊ नका, दात मोजा. आणि जाहिरातीत ते ५०० वॅट, १२०० वॅट लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, कापतं किती ते नाही. नावाजलेल्या कंपन्यांची घोड्याची चांगली मशीनं २०० वॅटची असतात आणि दिवसभर चालतात.

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक छोटा ट्रिमर, तोंड, कान, खुराच्या वरचा भाग एवढ्यासाठी, हलका, आवाज कमी. दुसरा मधला, ज्याला क्लिक करून ब्लेड बदलता येतं, अँडिस, ऑस्टर, वाहल यांचे या प्रकारातले बरेचसे ब्लेड एकमेकांच्या मशीनवर बसतात. याच्या ब्लेडवर नंबर असतात आणि नंबर जेवढा मोठा तेवढे केस बारीक कापतात हे लक्षात ठेवा, १० नंबर साधारण दीड मिलिमीटर ठेवतो, ३० नंबर अर्धा मिलिमीटर, ४० नंबर तर पाव मिलिमीटर, तो ऑपरेशनच्या आधी कातडी उघडी करायला असतो, अंगभर कधीच फिरवायचा नाही. टी-८४ म्हणून एक रुंद ब्लेड येतं, ते अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवतं, या प्रकारात घोड्याच्या अंगाला मला तेच बरं वाटतं. तिसरं मोठं मशीन, लिस्टर, हाइनिगर वगैरे, दोन मोठी पाती, वर टेन्शनचा स्क्रू म्हणजे पाती एकमेकांवर किती घट्ट बसतात ते ठरवणारा, वजन सव्वा किलोच्या आसपास, हे खरं अंगभर क्लिपिंगचं मशीन.

तुमच्या घोडीला, एवढ्या दाट केसांना, पहिल्या वेळेला तिसऱ्याच प्रकारचं मशीन लागेल. मधल्या मशीनने होत नाही असं नाही, पण ते दर दहा मिनिटांनी तापणार, तुम्ही थांबणार, घोडी कंटाळणार, अर्धं अंग आज अर्धं उद्या. पाच हजारात मोठं मशीन येणार नाही, त्या पैशात ट्रिमर येईल आणि ट्रिमरने एवढं अंग होणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो कारण तुमचे पैसे फुकट जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. माझा सल्ला असा, तुमच्या तालुक्यात, सत्तरीत, पेडण्यात दोन-चार घोडेवाले असतीलच, लग्नाच्या वरातीला घोडी देणारे तरी असतातच, तीन-चार जणांनी मिळून एक चांगलं मशीन घ्या, पण ब्लेडचा जोड प्रत्येकाचा वेगळा. मशीन एक, ब्लेडं आपापली. म्हणजे गजकर्ण इकडून तिकडे जाण्याचा धोकाही कमी, आणि मशीनची बॉडी मात्र दर वेळी जंतुनाशकाने पुसायची.

घेताना अजून दोन-तीन गोष्टी विचारा. हातात धरून बघा, तुमची मूठ त्याच्याभोवती नीट बसते का, कारण ते तुम्हाला दोन-तीन तास धरायचंय आणि मनगट थकलं की हात वाकडा जातो. त्याची ब्लेडं भारतात मिळतात का आणि कितीला, हे मशीनच्या किंमतीच्या आधी विचारा. कुणी नातेवाईक अमेरिकेहून आणून देतो म्हणाला तर व्होल्टेज बघा, तिकडची बरीच मशीनं ११०-१२० व्होल्टची असतात, आपल्याकडे २३० ला लावलं की गेलं. आणि वायरचं की बॅटरीचं? आपल्या गावातली वीज बघता बॅटरीचा मोह होतो, डोक्याला आणि पायांना बॅटरीचं उत्तमच, पण अंगभरासाठी दोन बॅटऱ्या असतील तरच. वायरचं असेल तर संध्याकाळी सगळ्या घरांत पंखे-मिक्सर चालू असताना लावू नका, व्होल्टेज उतरलं की मोटर मंदावते आणि पातं केस कापायच्या ऐवजी चावतं, घोड्याला ते ओढल्यासारखं लागतं. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर पण नको, त्याची वीज गुळगुळीत लहरीची नसते, मोटर गुरगुरते आणि तापते.

विजेचं बोलतोय तर हेही, घोडा विजेच्या झटक्याला माणसापेक्षा नाजूक असतो, पायात लोखंडी नाल आणि खाली ओली जमीन. जिथे क्लिपिंग करणार ती जागा सुकी, खाली रबराची मॅट, लाइनवर ३० मिलीअँपची आरसीसीबी म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, वायर घोड्याच्या पायाखाली कधीच नाही, आणि तुम्ही अनवाणी नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो, ओल. सुरुवातीच्या वर्षांत एका लग्नाच्या घोडीचं क्लिपिंग मी सकाळी अंघोळ घालून दुपारी केलं. वरून हात फिरवला तर सुकी लागत होती. मशीन खांद्यावर चांगलं चाललं, पोटाकडे आलो तसा आवाज खाली गेला, जड झाला, मला वाटलं ब्लेड ढिलं आहे म्हणून टेन्शन आवळलं, मग ते तापलं, मग केसांची लगदा झालेली गुठळी पात्यात अडकली आणि काखेच्या घडीत कातडीला दोन बोटं लांब जखम झाली. घोडीने लाथ मारली नाही, नुसती थरथरली. ती थरथर मला अजून आठवते. मुळाशी केस ओले होते, बस एवढंच कारण. त्यानंतर नियम केला, अंघोळ आदल्या दिवशी सकाळी, शॅम्पूने, घासून, मुळापर्यंत, कारण कातडीवरचा कोंडा आणि धूळ म्हणजे ब्लेडला वाळूचा कागद, धुळकट घोड्यावर नवीन ब्लेड अर्ध्या अंगात बोथट होतं. मग पूर्ण दिवस उन्हात-वाऱ्यात वाळू द्यायची, रात्री पंखा, दुसऱ्या दिवशी दव जाईपर्यंत थांबायचं, दहा वाजता आधी खरारा, मग ब्रश, मग तळहात उलटा करून काखेत, पोटाखाली, जांघेत घालून बघायचा. हाताला गार लागलं तर ओल आहे, त्या दिवशी करायचं नाही. केसांवर चकाकीचा स्प्रे मारतात तो मारला तर पातं अलगद घसरतं, खोगिराची जागा सोडून मारा नाहीतर खोगीर सरकेल. खोबरेल तेल मात्र अंगाला लावून क्लिपिंग करू नका, धूळ त्याला चिकटते.

ब्लेडलाही खोबरेल नको, आपल्याकडे हा हात पटकन खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. ते घट्ट होतं, चिकट होतं, केसांचा चुरा त्यात बसून गोंद तयार होतो. क्लिपरचं तेल घ्या, नाही मिळालं तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. दर पाच-दहा मिनिटांनी मशीन थांबवून ब्रशने केस झाडायचे, पात्यांच्या दातांवर आणि बाजूंना दोन-तीन थेंब, क्षणभर चालवून जास्तीचं पुसायचं. मागे हवेची जाळी असते तिच्यावर केस साठतात, ती झाडली नाही की मोटरचा दम कोंडतो. काही लोक चालू ब्लेड रॉकेलमध्ये बुडवतात, ते घोड्याच्या अंगावर उडालं की कातडी जळजळते, फोड येतात, करू नका. आणि दर थोड्या वेळाने ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तुम्हाला चटका बसतो तर तिलाही बसतो. म्हणून दोन जोड ठेवायचे, एक गार होतोय तोवर दुसरा.

टेन्शनचा स्क्रू हे नवीन माणसाला कळत नाही. मशीन बंद असताना हलक्या हाताने आवळत जायचं, अडल्यासारखं लागलं की तिथून एक ते दीड फेरा उलटा सोडायचा, तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा. चालू केल्यावर केस कापले न जाता दुमडले तर पाव फेरा आवळा. आवळत आवळत जायला लागलं आणि तरी कापत नाही, म्हणजे धार गेली, आवळून धार परत येत नाही.

धारेसाठी कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे देऊ नका. मी एकदा दिली होती, चाकावर घासून चकाचक करून दिली आणि तो जोड कायमचा गेला. क्लिपरची दोन्ही पाती एकमेकांवर पूर्ण सपाट बसायला लागतात, त्यासाठी वेगळी सपाट तबकडी असते, आणि जोडातली दोन्ही पाती एकत्रच धारेला द्यायची असतात. जोड मोडायचा नाही, एकाचं खालचं दुसऱ्याचं वरचं लावलं की कापत नाही. मी जोड ओळखायला डबीवर रंगाचा ठिपका देतो.

घोडीला मशीनची सवय. तुमची घोडी नवीन आहे, माणसं नवीन, हवा नवीन, म्हणून आठ-दहा दिवस नुसतं आवाज ऐकवा. ती चारा खात असताना दहा पावलांवर मशीन चालू ठेवा, रोज थोडं जवळ. मग आपला डावा तळहात तिच्या खांद्यावर ठेवायचा आणि चालू मशीनची पाठ आपल्याच हाताच्या मागच्या बाजूला टेकवायची, म्हणजे तिला आधी आपल्या हातातून ती थरथर कळते. कान मागे गेले, नाकपुड्या ताठल्या तर तिथेच थांबा पण हात काढू नका, ती श्वास सोडेल, मान खाली करेल, मग हात काढा. ती बिचकली की लगेच मशीन बंद केलं तर बिचकलं की हे जातं असं ती शिकते. कानात कापूस घातलेला बरा. पकडणारा माणूस नेहमी कापणाऱ्याच्याच बाजूला उभा राहणार, समोरच्या बाजूला नाही, कारण ती उसळली तर डोकं आपल्याकडे ओढायचं असतं म्हणजे मागचा भाग आपल्यापासून लांब जातो. अगदीच ऐकत नसेल तर डॉक्टरांना बोलवा, गुंगीचं इंजेक्शन तेच देतील, पण दोन गोष्टी माहीत असू द्या, काही औषधांनी घोड्याला घाम सुटतो आणि केस परत ओले होतात, आणि गुंगीतला घोडाही अचूक लाथ मारतो.

मग सुरुवात खांद्यापासून. डोक्यापासून कधीच नाही. केसांच्या उलट दिशेने, ब्लेड कातडीला सपाट, टोक रुतवायचं नाही, लांब सरळ पट्टा, पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढलेला. ढकलायचं नाही, मशीन स्वतः जेवढं खात जाईल तेवढंच पुढे. आवाज बदलला की हात थांबवा, आवाज तुम्हाला सगळं सांगतो. खांदा, मग मान, मग बरगड्या, पाठ, पुठ्ठे. पोट आणि काख मध्येच उरकून घ्या, शेवटी ठेवू नका, तोवर ती कंटाळलेली असते. काखेसाठी दुसऱ्या माणसाने पुढचा पाय उचलून पुढे ताणायचा, घडी उघडते, कातडी ढोलाच्या चामड्यासारखी ताठ होते, मगच ब्लेड लावायचं. कुशीतल्या घडीला आपल्या डाव्या तळहाताने वर ओढून धरायचं.

आणि भोवरे. घोडी घेताना तुम्ही भोवरे बघितले असतीलच, मानेवरचा देवमण वगैरे, यात्रेत कुणीतरी म्हातारा हमखास दाखवतो. शुभ-अशुभ बाजूला ठेवा, क्लिपिंगमध्ये भोवरा म्हणजे केसांची दिशा फिरते ती जागा, आणि दिशा फिरली की सरळ गेलेलं मशीन तिथे केस नुसते आडवे पाडून पुढे जातं. कुशीवरचा लांब भोवरा, छातीवरचे दोन, गळ्याखालचा, कपाळावरचा. तिथे पोहोचलात की थांबा, बोटाने केस उलटे सारून दिशा बघा, आणि मनगट फिरवत चारी बाजूंनी मध्याकडे या, घड्याळाच्या काट्यासारखं. पहिल्यांदा दहा मिनिटं एका भोवऱ्याला लागतील, लागू द्या. नीट झाला की भोवरा केस असतानाच्या पेक्षाही ठळक दिसतो.

आयाळीच्या मुळाशी बोटभर कडा सोडा, चुकून आयाळ कापली गेली तर वर्ष जातं परत यायला. शेपटीच्या मुळाशी उलटा त्रिकोण ठेवा. पायांचे केस मी थंड प्रदेशातल्यासारखे पूर्ण ठेवत नाही, आपल्याकडे ते पावसात चिखल धरून ठेवतात आणि खाली कातडी फुटते, पण अगदी साफही करत नाही, केसांच्या दिशेने मशीन फिरवून अर्धे करतो, काट्याकुट्यात थोडं संरक्षण राहतं. कानाच्या आतले केस काढू नका, डास-माश्या आत जाऊ नयेत म्हणून तेच जाळीचं काम करतात, फक्त कान बंद मुठीत धरून कडेबाहेर आलेले तेवढे कापा. ओठांवरच्या आणि डोळ्यांभोवतीच्या लांब मिशा तर अजिबात नाहीत, त्या नुसते केस नसतात, त्यांच्या मुळाशी संवेदना असते, अंधारात आणि अगदी तोंडासमोर घोड्याला दिसत नाही तिथे तो त्यांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानेही १ जुलै २०२१ पासून अशा मिशा कापलेल्या घोड्याला आपल्या स्पर्धांमध्ये मनाई केलीय.

पहिल्यांदा सगळं अंग व्हायला तीन तास धरा. रेषा राहतील, आठवड्याने बऱ्याचशा मिटतात. रंग बदलेल त्यालाही घाबरू नका, केसाचं टोक आणि मूळ एका रंगाचं नसतं, तांबडी घोडी फिकट पिवळट दिसते, कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीची तपकिरी, तर उंदरासारखी राखाडी, नवे केस आले की रंग परत येतो.

झाल्यावर कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने अंग पुसून घ्या, चुरा टोचत राहतो. पहिला आठवडा अकरा ते चार उन्हात बांधू नका, विशेषतः पांढऱ्या पट्ट्याखाली गुलाबी कातडी असेल तर ती भाजते. संध्याकाळी गोठ्यात पंखा लावाच, बारीक चिलटं पंख्याच्या वाऱ्यात उडू शकत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिचा श्वास मोजा, सावलीत शांत उभी असताना मिनिटाला ८ ते १६ असायला हवा, आणि ताप ३८.५ च्या खाली. केस काढूनही ती धापा टाकत असेल आणि अंग मात्र कोरडं, घामच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. दमट हवेत बाहेरून आलेल्या काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं, तो वेगळा आजार आहे आणि क्लिपिंगने तो बरा होत नाही, काम बंद, पाणी, पंखा, आणि कधी कधी जनावर परत कोरड्या हवेत पाठवायला लागतं.

वेळेचं म्हणाल तर याच महिन्यात करून टाका. आता कापलेत तर हिवाळी केस परत तेवढे येणार नाहीत आणि शिगम्यापर्यंत खालचे उन्हाळी केस वर येतील. तिची तब्येत चांगली असेल तर पुढच्या वर्षी, इथल्याच उजेडात वर्ष काढल्यावर, केस निम्मे पण येणार नाहीत आणि कदाचित मधलं मशीन पुरेल, म्हणूनही मोठं मशीन एकट्याने विकत घेऊ नका असं म्हणतो.

काम झालं की त्याच संध्याकाळी ब्लेडं खोलून ठेवा, उद्या नाही. घोड्याच्या घामात मीठ, आपल्या हवेत मीठ, एका रात्रीत दातांच्या कडेला तांबूस रेघ येते आणि तिथूनच धार जाते. ब्रशने झाडा, पुसा, तेलाचा हात फिरवा, तेलकट फडक्यात जोड गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या चार-पाच टाका. पावसाळ्यात दर पंधरवड्याला डबा उघडून बघा. आणि घोडीचे दात बघून झाले की वय किती निघालं ते मला नक्की कळवा, तेरा-चौदाच्या पुढे निघालं तर मशीनच्या आधी ती रक्ताची टेस्ट करून घेऊ.